बाबा, तुम्ही उंबऱ्यावर का बसलात

एक विचारते, खरं उत्तर द्या. प्रार्थनेत डोळे मिटून तुम्ही 'हे बापा' म्हणता, तेव्हा मिटल्या डोळ्यांपुढे कोण येतं? शास्त्रात वाचलेला कुणी, की तुमच्याच घरात वावरलेला, तुमचं प्रगतिपुस्तक उघडून बघणारा, तुम्हाला कधी मारणारा किंवा कधीच जवळ न घेणारा एक माणूस?

बाबा, हा प्रश्न मी या मासिकाच्या वाचकांना विचारला. विचारायचा होता तुम्हाला. पण त्याआधी तुम्हीच मला एक प्रश्न विचारलात, एका शब्दाचा, आणि उत्तर न देता मी उठून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधायला तुम्ही खाली वाकलात ते वर आलाच नाहीत.

त्याला आज दहा दिवस झाले. हैदराबादच्या माल खात्यात, म्हणजे महसुलात, तुमची किती वर्षं गेली, चर्चच्या मंडळीचं चिटणीसपद किती वर्षं सांभाळलंत, हे सगळं पाळकसाहेबांनी कबरस्तानात सांगितलं. ते मी पुन्हा लिहीत नाही. त्यांना जे ठाऊक नव्हतं ते लिहिते. मला घाई आहे. ती कशाची ते पुढे सांगते.

मी तुमच्या त्या उपदेशाच्या पत्रिकांवर वाढले. इतर पोरी गोष्टींची पुस्तकं वाचत तेव्हा मी 'दारूचा पहिला पेला' आणि 'तरुणांस चार शब्द' वाचत होते, कारण घरात दुसरं काही नव्हतं, आणि हे मात्र गठ्ठ्यांनी होतं. कचेरी सुटली की तुम्ही शेरवानीतच जामबागेत माझ्या शाळेच्या फाटकाशी यायचात. तिथून आपण दोघं बेगम बाजारामागच्या गल्लीतल्या छापखान्यात. मिशनच्या मराठी पत्रिकांची प्रुफं तपासायचं काम तुमच्याकडे होतं. हाती लिहिलेली मूळ प्रत मी मोठ्यानं वाचायची, छापलेलं कच्चं पान तुमच्यापुढे. विरामचिन्हंसुद्धा वाचायची. "देव स्वल्पविराम जो आपला पिता आहे स्वल्पविराम तो आपल्याला पाहतो पूर्णविराम." तुमची पेन्सिल ओळीखालून सरकत जायची. कधी थांबायची, खरडायची. मग तुम्ही म्हणायचात, "पुढे."

एवढंच. 'छान' नाही, 'दमलीस का' नाही. पुढे.

माझा देव तिथेच ठरला, बाबा. त्याच्या कानामागे पेन्सिल होती. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या ओळीकडे बघत होता. चूक नसेल तर त्याला माझ्याशी काही बोलायचं नव्हतं. घरी संध्याकाळच्या उपासनेत तुम्ही सगळ्या जगासाठी नावं घेऊन मागायचात, कचेरीतल्या साहेबासाठी, आजारी कंपाउंडरसाठी, जालन्याकडच्या आत्यासाठी. माझं नाव शेवटी. "आणि ह्या लेकरास सुधार." दर संध्याकाळी. मी डोळे किलकिले करून बघायची, की तो सुधारणारा कुठून येतो आणि कशाने सुधारतो.

हे लिहिताना भीती वाटते की मी तुमच्यावर अन्याय करते आहे. म्हणून हेही लिहिते. बेगम बाजारातून जाताना तुम्ही पुढे चालायचात. मागे वळून बघणं तुमच्या स्वभावात नव्हतं. पण हमालांच्या हातगाड्या आल्या, "हटो हटो" सुरू झालं, की तुम्ही थांबायचात आणि न बघता डावा हात मागे करायचात. माझी बोटं त्यात येईपर्यंत तुम्ही जागचे हलायचा नाहीत. गर्दी ओलांडली की हात सुटायचा, आणि पुन्हा तुमची पाठ. त्या हातावरूनही मी देवाला ओळखायला हवं होतं. पण हात दिवसातून एकदा मिळायचा आणि पेन्सिल तासभर. पोर काय धरणार?

आता ती गोष्ट, जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही.

मी पंधरा वर्षांची होते. पाळकीणबाईंना उलट बोलले म्हणून तुम्ही माझ्याशी पाच दिवस बोलत नव्हतात. तुम्ही हात कधी उगारला नाहीत, शब्द काढून घ्यायचात. त्याच आठवड्यात एका वृद्ध उपदेशकांची पत्रिका आली, बापाच्या प्रेमाबद्दल. अक्षर इतकं गिचमिड की कंपोझिटरला लागेना, म्हणून तुम्ही चिठ्ठी ठेवलीत, 'सुवाच्य नक्कल कर'. तोंडानं नाही सांगितलंत, चिठ्ठी. मी नक्कल करायला बसले. त्यात एक वाक्य होतं, की शिक्षा संपली म्हणजे बाप लेकराला पोटाशी धरतो. ते मी गाळलं. विसरून नाही, बाबा. जाणूनबुजून. मला वाटलं, हे खोटं आहे, आणि खोटं छापू नये असं तुम्हीच शिकवलंत.

नकलेवरून छपाईचे खिळे जुळले, नकलेवरूनच मी प्रूफ वाचून दाखवलं. छापून आल्यावर उपदेशकांचं पत्र आलं, की माझ्या पत्रिकेचं काळीज कुणी काढून घेतलं? तुम्ही मूळ प्रत काढलीत, माझी नक्कल काढलीत, दोन्ही शेजारी ठेवलीत. मी दाराआडून बघत होते. तुम्ही बराच वेळ बघितलंत. मग उपदेशकांना लिहिलंत, 'चूक माझ्या नजरेची आहे.' आणि छापखान्यात बसून छापून आलेल्या दोन्ही गठ्ठ्यांतल्या एकेका प्रतीवर समासात ते वाक्य हातानं लिहायला घेतलंत. आठवडाभर, कचेरी सुटल्यावर. कंपोझिटर महबूबमियाँ हसायचे, "मुन्शीसाब, कैकू हलकान होतैं? एक लैन गई तो गई. लोगां क्या गिनके पढतैं?" तुम्ही म्हणालात, "ओइच लैन थी मियाँ, बाकी सब भरती."

मला एका शब्दानं विचारलं नाहीत. पुढच्या पत्रिकेपासून मात्र मूळ प्रत तुम्ही स्वतःकडे घेतलीत आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवलीत. तुम्ही वाचायचं, मी तपासायचं. मी समजले, विश्वास उडाला, म्हणून नकलेचं काम काढून घेतलं. छापखान्याची रीत मला फार उशिरा कळली. ज्याच्या हाती पेन्सिल तो मोठा, वाचणारा हाताखालचा. तुम्ही मला शिक्षा दिलीत की मान? विचारायचं राहिलं. आठवडाभर ते एकच वाक्य लिहिताना तुम्हाला कळलं होतं का, ते कुणी आणि का गाळलं? तेही राहिलं.

मग हे हैदराबाद राज्य भाषेवार वाटायची वेळ आली.

तुमच्या कचेरीत याद्या लागल्या. तेलुगू मुलूख आंध्रात, कानडी म्हैसुरात, आपले मराठी जिल्हे मुंबईकडे. माणसंही तशीच वाटली गेली. ज्यांनी चारमिनारच्या पलीकडचं जग बघितलं नव्हतं त्यांची नावं नांदेड, परभणी, औरंगाबादच्या कागदांवर चढली. तुमची पेन्शन जवळ आली होती, तुम्ही राहिलात. आपल्या सकाळच्या मराठी उपासनेची बाकं रिकामी व्हायला लागली. आपल्या मागून तेलुगू मंडळी आत येते, ती दाराशी ताटकळायची आणि आपण वीसजण एवढ्या मोठ्या चर्चमध्ये गायचो. तुम्ही मात्र दर रविवारी वहीत हजेरी मांडत राहिलात.

जाणारं प्रत्येक कुटुंब तुमच्याकडे यायचं. एका मंडळीतून दुसरीत जाताना पत्र न्यायचं असतं. पत्राशिवाय नव्या गावी कुणी ओळखत नाही, प्रभुभोजनाला बसवत नाही. ती पत्रं तुम्ही लिहायचात, ठरलेल्या शब्दांत. सदरहू कुटुंब या मंडळीच्या सहभागितेत होते, चालचलणूक समाधानकारक.

आणि त्या यादीत लीलाच्या वडिलांचं नाव लागलं.

लीला हे नाव खरं नाही, मी ठेवलेलं आहे. ती नऊ वर्षांची, गौलीगुड्यात राहणारी, माझ्या रविवारच्या शाळेतली. प्रभूची प्रार्थना सगळी मुलं एका सुरात म्हणतात. ही पहिल्याच ओळीतला एक शब्द गाळायची. बाकी सगळं पाठ, खणखणीत, फक्त 'पित्या' आला की ओठ मिटलेले. मी ओळखलं. ओळ गाळणाऱ्याला ओळ गाळणारा ओळखतोच. एका रविवारी तिला मागे ठेवलं आणि विचारलं. ती म्हणाली, "टीचर, देवाच्या घरी पण आतून कडी असते?"

"कसली कडी गं?"

"दाराची. पप्पा आले की लावतात. मग मारतात. उघडं असलं की नाही मारत, शेजारचे बघतात."

माझ्या देवाच्या हातात पेन्सिल होती म्हणून मी इतकी वर्षं कण्हत होते. हिच्या देवाचा हात कडीवर होता.

आणि हे कुणाला ठाऊक नव्हतं, बाबा? तिच्या दंडावरचे वळ अख्ख्या मंडळीनं बघितले होते. 'पडली असेल' म्हणत होतो आपण. 'बापानं शिस्त लावू नये तर कुणी?' म्हणत होतो. त्याच तोंडानं वर बघून देवाला बाप म्हणत होतो, आणि तिनंही म्हणावं असं आपलं म्हणणं होतं. तो माणूस दानपेटी फिरवायचा. रविवारी त्याचा सदरा सगळ्यांत पांढरा असायचा. दोन वर्षं तुम्हालाही ठाऊक होतं. तुम्ही गेलात म्हणून मी हे वाक्य गाळणार नाही.

त्या मंगळवारी तुम्ही टेबलाशी पत्रं लिहीत बसला होतात. मी विचारलं, "लीलाच्या घरचं काय लिहिणार?"

"सगळ्यांचं लिहितो तेच."

"चालचलणूक समाधानकारक? कुणाचं समाधान?"

"मास्तरीणबाई, पत्राला एक रीत असते." मी नोकरीला लागल्यापासून चिडलात की तुम्ही मला मास्तरीणबाई म्हणायचात.

"रीत पोरीला वाचवते? लिहा ना त्यात, की हा माणूस दाराला कडी लावून लेकराला मारतो. तिकडच्या पाळकांना कळू दे."

तुम्ही टाक खाली ठेवलात. "ते पत्र नेणार कोण?"

"म्हणजे?"

"त्याच्याच हातात द्यायचं असतं. तो गाडीत बसणार, पाकीट फोडणार, वाचणार. नवं गाव, ओळखीचं कुणी नाही. मग त्या रात्री कडी कुणासाठी लागेल? तुझं खरं वाक्य त्या पोरीच्या पाठीवर उमटेल, मने."

  तुमचं बरोबर होतं. पण समोरच्याचं बरोबर असलं की मला राग येतो, आणि रागाला शब्द लगेच सापडतात. मी म्हणाले, "तुम्हाला सही करता येते, बाबा, बाकी काही येत नाही. तुमच्यासारख्यांमुळेच पोरींना देवाला बाप म्हणायची भीती वाटते. मलासुद्धा वाटते."

तुम्ही चष्मा काढलात. माझ्याकडे बघितलंत, ओळीकडे नाही, माझ्याकडे. आणि विचारलंत, "तुला?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "काय गं, परत?" मी म्हणाले, "काही नाही."

बुधवारी तुम्ही दिवे लागल्यावर घरी आलात, जेवलात, काही बोलला नाहीत. मला वाटलं, झालं, शब्द काढून घेतले. गुरुवारी सकाळी रोजच्यापेक्षा लवकर बूट घालायला बसलात.

कबरस्तानात माती देऊन झाल्यावर लीलाची आई माझ्याजवळ आली. नवरा दूर, टोपी हातात घेऊन उभा होता. ती हळू आवाजात म्हणाली, "काल आले होते हो चिटणीससाहेब आमच्याकडे. चार वाजता."

कचेरी सोडून? चार वाजता? मला खरं वाटेना.

"मी म्हटलं आत या, खाट टाकते. तर नक्को म्हणाले. उंबऱ्यावरच बसले. मी म्हटलं, साहेब, उंबऱ्यावर बसू नये म्हणतात. म्हणाले, 'बाई, इथे वारा लागतो.' पाणी मागितलं. लीलाला म्हणाले, पुस्तक आण, वाच. ती वाचते, हे ऐकतात. थांबली की म्हणतात, 'पुढे.' पोरगी तर हसायलाच लागली. सहा वाजता हे आले. म्हणाले, 'साहेब, वाट सोडता?' तर म्हणे, 'या की, ओलांडून या.' हे ओलांडून आत आले. मग दोघं कचेरीचं बोलले, कोण नांदेडला, कोण कुठं. साहेब काही उठेनात. अंधार पडायला लागला तेव्हा उठले. म्हणाले, 'उद्याही येतो.' ह्यांनी विचारलं, 'कशापायी?' तर म्हणाले, 'असंच.'"

उंबऱ्यावर कुणी बसलं तर लहानपणी तुम्ही आम्हाला दटावायचात, येणाऱ्याची वाट अडते म्हणून. तुम्ही बरोबर तेच केलंत. तुम्ही बसलात तोवर ते दार लागलं नाही. तुम्ही त्याला उपदेश केला नाहीत, पत्रिका दिली नाहीत, शास्त्रातलं वचन ऐकवलं नाहीत. तीस वर्षं कागदानं जगाला सुधारायला निघालेला माणूस त्या दिवशी रिकाम्या हातानं जाऊन दारात बसला.

हे माझ्या एका वाक्यामुळे केलंत का? की ते मंगळवारी, मी बोलण्याआधीच तुमच्या मनात होतं? मला कळायला हवं आहे. रात्री पाठ टेकली की हेच फिरतं. माझ्यामुळे असेल तर दोन वर्षांपूर्वी का नाही बोलले मी? माझ्यामुळे नसेल तर माझे शेवटचे शब्द तुम्ही कुठे नेऊन ठेवलेत?

लीला आईचा पदर धरून उभी होती. मी वाकून तिला, सांगतात तसंच सांगितलं, की साहेब देवाकडे गेले. ती म्हणाली, "देवाकडे लोक आहेत ना पुष्कळ? इथे कोण बसणार?"

म्हणून मी जाते आहे. शुक्रवारपासून, शाळा सुटली की जामबागेतून सरळ गौलीगुड्यात. वह्या तपासायला बरोबर नेते आणि उंबऱ्यावर बसते. तो माणूस पहिल्या दिवशी म्हणाला, "बाई, तुमच्या बाबांची सवय लागली वाटतं." मी म्हणाले, "हो, लागली." तो मला ओलांडून आत गेला. त्याच्याही तोंडावर भीती असते, बाबा, मी बघितली. नवा जिल्हा, नवी भाषा कारभाराची, उर्दूत आयुष्य घालवलेला कारकून. पण भीती सगळ्यांनाच आहे. आपण ती पोरीच्या अंगावर उतरवत नाही.

या आठवड्यात बुधवारी शाळेत सभा होती. मी गेले नाही. एकच दिवस. गुरुवारी लीलानं वाचायला पुस्तक उघडलं आणि बाही खाली ओढून धरली.   मी मनगट बघितलं.

एक दिवस चुकला, बाबा. तुमचाही एकच दिवस चुकला होता. पण तुमच्याकडे मरणाचं कारण होतं. माझ्याकडे सभेचं.

आणि उद्या, सोमवारी, ते चालले आहेत. माझी घाई ती हीच.

तुमच्या टेबलावर सात पत्रं तयार सापडली. लीलाच्या घरचं नव्हतं. तुम्ही लिहायचं नाही असं ठरवलंत, की नुसतं राहून गेलं? पाळकसाहेबांनी काल ते लिहून दिलं, नेहमीच्या शब्दांत. मी अडवलं नाही. तुमचा मुद्दा मला पटला होता, की पत्र त्याच्याच हातून जाणार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे देते, कारण आता दुसरीकडे देता येत नाही. हो, बाबा. मला. मला देवाला बाप म्हणायची भीती वाटायची, तुमच्यामुळे. अजूनही वाटते. डोळे मिटले की पहिली पेन्सिल येते. पण या दहा दिवसांत तिच्यामागून दुसरंही काही यायला लागलं आहे, शेरवानी घालून परक्याच्या उंबऱ्यावर अवघडून बसलेला एक म्हातारा, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं. देव जर बाप असेल तर मला तो असा हवा आहे, दार लागू न देणारा. तो तसा आहे याची माझ्याकडे खात्री नाही. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. जो 'उद्याही येतो' म्हणाला आणि आला नाही, त्याच्यावरून मी देवाला काय समजू? या प्रश्नाशी मी रोज भांडते. एवढंच दिसतं, की तुम्ही आला नाहीत म्हणून कुणीतरी जायला हवं होतं, आणि कुणी गेलं तेव्हा पोरगी वाचत बसली, कुणी गेलं नाही तेव्हा तिनं बाही ओढून घेतली. शास्त्राचे पंडित याला काय म्हणतील मला ठाऊक नाही. मला यापुढचं काही येत नाही.

तुमचे आभार मानायचे आहेत आणि तुम्हाला दोषही द्यायचा आहे, आणि दोन्ही एकाच दमात निघतात. तुम्ही उशिरा गेलात. पण गेलात. आता मला वाचकांशी बोलू द्या.

वाचकहो, लीलाच्या आईला विचारूनच मी हे लिहिलं आहे. मी तिला म्हणाले, तुमच्या घरात हे वाचलं गेलं तर? ती म्हणाली, "आम्ही पोचल्यावर छापा. मग वाचू देत. लोकांना ठाऊक आहे एवढं तर कळेल." बाबा पत्राला घाबरले ते बरोबर होतं, कारण ते वाचणारा एकटा असणार होता. तुम्ही पुष्कळ आहात.

ते कुटुंब कोणत्या गावी चाललं आहे हे मी लिहिणार नाही. त्यामुळे कोणतं घर ते तुम्हाला कळणार नाही, आणि म्हणून तुम्हाला प्रत्येक घरी जावं लागेल. नांदेड, परभणी, औरंगाबाद, जालना, बीड, उस्मानाबाद, जिथे जिथे या दिवसांत हैदराबादहून एखादं कुटुंब पत्र घेऊन तुमच्या मंडळीत येईल, तिथे ते पत्र वाचून फायलीला लावू नका. चालचलणूक समाधानकारक आहे, यावर विश्वास ठेवू नका. त्यांच्या घरी जा. पहिल्याच आठवड्यात, संध्याकाळी, कचेरी सुटायच्या वेळेला. उपदेश नेऊ नका, पत्रिका नेऊ नका. घरात लेकरू असेल तर त्याला शेजारी बसवा, त्याचं पुस्तक ऐका, आणि प्रार्थनेतला एखादा शब्द ते म्हणत नसेल तर त्याच्याकडून म्हणवून घेऊ नका. चहा झाला तरी लगेच उठू नका. आणि उठाल तेव्हा, त्या घरातल्या पुरुषाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात, उद्या तुमच्यापैकी कोण येणार आहे त्याचं नाव सांगून निघा.